अनंतराव भालेराव : वारकरी घरातला स्वातंत्र्यसैनिक

आपल्या दहावीच्या १९९६ च्या बॅचची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात ‘काहीतरी इतिहासाचं’ माझ्याकडून हवं, असा निरोप ग्रुपवर आला. संपादक मंडळाच्या धाडसाचं कौतुक वाटलं. मी इंजिनिअर. गेली वीसहून अधिक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि इतिहास केवळ हौसेनं वाचते. पण मराठवाड्याचा इतिहास वाचायला लागल्यावर एक गोष्ट जाणवली. पुस्तकातली बरीच माणसं आपण लहानपणी पाहिलेल्या माणसांसारखीच होती. त्यांतल्याच एकाविषयी हा लेख आहे.

सतरा सप्टेंबर आठवतो ना? पंधरा ऑगस्ट होऊन महिना उलटतो न उलटतो तोच पुन्हा झेंडावंदन, पुन्हा इस्त्रीचा गणवेश, पुन्हा भाषणं. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणींना हे समजावून सांगावं लागलं, की देश स्वातंत्र्य झाला १५ ऑगस्ट १९४७ ला, पण आमच्याकडे तिरंगा लागायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडला. मधले तेरा महिने आम्ही निजामाच्याच राज्यात होतो. त्यांना ते नवीन होतं. आपल्याला ते पाठ होतं, पण पाठ असलेलं आपण फारसं ऐकत नसू. व्यासपीठावर चार-पाच वृद्ध बसलेले असायचे. धोतर, पांढरी टोपी, कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ. मुख्याध्यापक त्यांना शाल आणि श्रीफळ द्यायचे, ते दोन शब्द बोलायचे आणि आपलं लक्ष खाऊच्या पिशव्यांकडे असायचं.

आमच्या गल्लीतही असे एक आजोबा होते. पहाटे हरिपाठ, दुपारी नातवंडांची शाळेची ने-आण, एकादशीला उपास. दारी आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. गावाकडून शिकायला आलेला कुणा ना कुणाचा मुलगा त्यांच्या ओसरीवर कायम मुक्कामाला असे. ते तुरुंगात जाऊन आलेले आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, पण तुरुंग आणि हरिपाठ यांची सांगड आमच्या डोक्यात बसत नसे. आम्ही विचारलं तर ते एवढंच म्हणत, “ते सगळं अनंतरावांनी लिहून ठेवलंय, मोठी झालीस की वाच.” मी मोठी झाले आणि खरोखरच वाचलं. अनंतराव म्हणजे अनंत काशिनाथ भालेराव, ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राचे संपादक.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१९ चा, वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचा. खंडाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला बोरघाट आठवतो. आपला खंडाळा वेगळा, कोरडवाहू मुलखातला. पण हा मुलूख पाण्याच्या बाबतीत कोरडा असला तरी भक्तीच्या बाबतीत नाही. याच वैजापूर तालुक्यातलं शिऊर हे संत बहिणाबाईंचं गाव. सतराव्या शतकातल्या या बाईंनी तुकोबांना गुरू मानलं आणि संसारात राहून अभंगरचना केली. खाली गोदाकाठी नाथांचं पैठण. त्याच्या जवळ आपेगाव, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी होते देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे आपण सहलीला जायचो त्या दौलताबादला. अशा टापूत वारकरी संस्कारात अनंतराव वाढले. पुढे आयुष्यभर ते राजकारण, तुरुंग, वृत्तपत्र या धकाधकीत राहिले, पण ती मुळं सुटली नाहीत. त्यांच्या पुस्तकांची नावंच पाहा. ‘मांदियाळी’ हा शब्द आपल्याला पसायदानामुळे ठाऊक. ‘आलो याची कारणासी’ हे शब्द तुकोबांचे. आणि ‘कावड’ म्हटलं की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला नाथांची गोष्ट आठवणारच. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतणारे नाथ! पूजेचं पाणी ज्याला तहान आहे त्याला द्यायचं असतं, ही शिकवण ज्याच्या कानावर लहानपणापासून पडली, तो माणूस पुढे लेखणी कशी वापरतो हे पाहण्यासारखं आहे.

आधी त्यांच्या तरुणपणीचा काळ थोडक्यात सांगते, कारण आपल्या मुलांना तो अजिबात माहीत नाही.

हैदराबाद संस्थान देशातल्या संस्थानांत सर्वांत मोठं होतं. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या घरात. त्यात तेलंगण, कर्नाटकचा काही भाग आणि मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा शिकवायचं हा प्रयोग म्हणून फार मोठा होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांची ती भाषा नव्हती. सभा घ्यायची तर परवानगी. ‘गश्ती निशान ५३’ नावाचं एक सरकारी फर्मान होतं, त्याचा धाक जुन्या माणसांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. त्यामुळे मराठवाड्यात जे काही घडलं ते शाळा, वाचनालयं, गणेशोत्सव, कीर्तनं यांच्या आडोशानं घडलं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक असलेले संन्यासी, स्वामी रामानंद तीर्थ, साऱ्या संस्थानाचे नेते झाले. औरंगाबादेत गणित शिकवणारे गोविंदभाई श्रॉफ त्यांचे उजवे हात झाले. आपल्याकडे लढा खडू-फळ्याच्या खोलीतून बाहेर आला असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. म्हणजे जन्मायच्या आधीच गुन्हेगार! ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. त्याच हिवाळ्यात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची चळवळ पेटली. उस्मानियातून काढून टाकलेल्या अनेक मुलांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. अनंतराव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. या पिढीच्या हाती पदवीपेक्षा आधी वॉरंट पडायचं.

त्याच १९३८ च्या फेब्रुवारीत आ. कृ. वाघमारे यांनी पुण्यातून ‘मराठवाडा’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. पुण्यातून, कारण संस्थानात असलं काही छापणं शक्यच नव्हतं. निजाम सरकारनं अंकाला संस्थानात यायला बंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदललं. त्या नावावर बंदी आली, की पुन्हा नवं नाव. सरकार एका नावाचा हुकूम काढी तोवर दुसऱ्या नावाचा अंक सरहद्द ओलांडून आलेला असे. आम्हा संगणकवाल्यांना हा खेळ फार ओळखीचा वाटतो. एक पत्ता बंद केला की दुसऱ्या पत्त्यावरून तोच मजकूर हजर. फरक एवढाच, की इथे अंक पोचवणाऱ्याच्या पाठीवर खरे फटके बसत. वाघमाऱ्यांच्या पत्नी आशाताई स्वतः लढ्यात होत्या. घरच्या घरीच वृत्तपत्र आणि घरच्या घरीच लढा, अशी ती घरं होती.

१९४७-४८ चं वर्ष सगळ्यांत कठीण. स्वामीजींनी ७ ऑगस्ट १९४७ ला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळायला सांगितलं. १५ ऑगस्टला तिरंगा फडकावला म्हणून त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे-थे करार झाला. इकडे कासीम रझवीच्या रझाकारांचा उच्छाद वाढत गेला. हजारो कुटुंबं गाव सोडून सरहद्दीपलीकडे, तेव्हाच्या मुंबई प्रांतात, वऱ्हाडात गेली. सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. त्यांनी पोलीस नाकी, करोडगिरीची नाकी यांच्यावर हल्ले केले. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला फोडली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. उमरीतून वीस लाखांहून अधिक रुपये मिळाले. आजच्या हिशेबानं ती रक्कम किती होईल ते तुम्हीच काढा. मला त्या धाडसाइतकंच नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं : त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला. ज्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती अशा तरुणांच्या हातून एवढी रक्कम गेली आणि ती लढ्याची म्हणूनच गेली.

हे तरुण कोण होते? बहुतेक जण साधे शेतकरी, शिक्षक, वकील, किराणा दुकानदारांची मुलं. लग्नं झालेली, लेकरं झालेली. आपण क्रांतिकारक म्हटलं की एकटा, घरदार सोडलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो. आपल्याकडचा स्वातंत्र्यसैनिक बहुतेक वेळा प्रपंचातला माणूस होता. त्याच्या मागे घरात म्हातारी आई, बायको आणि शेत असे. तो कॅम्पवर गेला की रझाकारांचा आणि पोलिसांचा जाब घरातल्या बाईला द्यावा लागे. काही बायका स्वतःच लढ्यात उतरल्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. पण ज्यांनी नुसती चूल पेटती ठेवली, शेत पडीक पडू दिलं नाही, त्यांची नावं कुठल्याच स्तंभावर नाहीत.

या काळातली एक हत्या मला नेहमी अस्वस्थ करते. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक होतं. त्याचे तरुण संपादक शोएबउल्ला खान हे संस्थान भारतात विलीन व्हावं असं उघडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांना रस्त्यात गाठून ठार मारण्यात आलं. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता, असं कुणी सांगू लागलं तर मी शोएबउल्लांचं नाव सांगते. आणि पोलीस ॲक्शननंतर काही जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, ज्यांच्या चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना पाठवलं, तेही सांगते. आपल्या वर्गात दोन्हीकडच्या घरांतली मुलं एका बाकावर बसायची. दोन्ही घरांतल्या आज्यांनी त्या वर्षी काय काय पाहिलं असेल, ते आपण कधी एकमेकांना विचारलं नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत संपलं. पण या पाच दिवसांच्या आधी दहा वर्षं कुणी जमीन नांगरून ठेवली होती, हेच अनंतराव पुढे जन्मभर सांगत राहिले.

लढा संपल्यावर सैनिकानं काय करायचं, हा प्रश्न जगभरच्या सैनिकांना पडतो. आपल्याकडे काही जण राजकारणात गेले, मंत्री झाले. काही जणांनी शाळा काढल्या. आज मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला ज्या जुन्या शिक्षण संस्था आहेत, त्यांच्या संस्थापकांच्या तसबिरी पाहिल्यात तर निम्मे जण तुरुंगात जाऊन आलेले निघतील. अनंतराव वृत्तपत्रात राहिले. ‘मराठवाडा’ विलीनीकरणानंतर औरंगाबादेत आला होता. १९५३ च्या सुमारास ते त्याचे संपादक झाले. १९६८ मध्ये ते दैनिक झालं. ज्या भागात साक्षरताच जेमतेम, जाहिराती देणारे कारखाने नाहीत, रस्ते नाहीत, मनमाडहून येणारी रेल्वे मीटरगेजची, तिथे दैनिक चालवायचं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला करता येणार नाही.

आणि त्या काळात विषय तरी केवढे! १९५३ चा नागपूर करार झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. विदर्भासारखा काहीतरी पदरात पाडून घेण्याचा आग्रह आपल्या पुढाऱ्यांनी धरला नाही, मराठवाडा बिनशर्त आला. याचा अभिमानही होता आणि पुढे त्याचं दुःखही झालं, कारण सिंचन, रेल्वे, उद्योग, नोकऱ्या या सगळ्यांत पंगतीच्या शेवटी बसण्याची पाळी आली. २३ ऑगस्ट १९५८ ला नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. १९७२ चा दुष्काळ, त्याच वर्षी परभणीचं कृषी विद्यापीठ, १९७४ चं विकास आंदोलन, १९८१ मध्ये औरंगाबादला आलेलं उच्च न्यायालयाचं खंडपीठ, रुंद रेल्वेमार्गाची लांबत गेलेली मागणी. या सगळ्या वर्षांत सकाळी चहाबरोबर लोक अनंतरावांचा अग्रलेख वाचत. आमच्या गल्लीतले आजोबा तो मोठ्यानं वाचायला लावत. शब्द अडला की नातवाला थांबवून त्याचा अर्थ सांगत. माझं मराठी जे काही बरं आहे त्यात त्या ओसरीचा वाटा आहे.

आता एका अवघड गोष्टीकडे येते. ती टाळली तर हा लेख श्रद्धांजली होईल, इतिहास होणार नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ज्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये, विद्यापीठाच्याही आधी, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांचं नाव. त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. स्वातंत्र्यलढ्यातून आलेली आपली बरीच वडीलधारी मंडळी तेव्हा नामांतराच्या विरोधात उभी राहिली. गोविंदभाई होते, अनंतरावही होते. त्यांचं म्हणणं असं, की ‘मराठवाडा’ हे नाव या भागानं निजामाशी झगडून कमावलेली ओळख आहे. ती पुसू नये. जाळपोळीचं समर्थन हा त्यांचा हेतू नव्हता हे मान्य केलं तरी, जळणाऱ्या घरातल्या माणसाला अस्मितेचा युक्तिवाद कसा ऐकू येत असेल? पिढ्यानपिढ्या ज्यांना नावच नव्हतं, त्यांना एका विद्यापीठावर आपल्या माणसाचं नाव हवं होतं. सोळा वर्षं ते थांबले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा आपण आठवीत होतो. आपल्याच वर्गातल्या काही जणांच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि काही जणांच्या घरी दारं लावून घेतली गेली. दोन्ही घरांत मी गेलेली आहे.

माझं मत सांगते. या प्रश्नावर मी अनंतरावांच्या बाजूनं नाही. तुकोबांच्या आणि नाथांच्या परंपरेत वाढलेल्या माणसानं, ज्या नाथांनी महाराचं रडणारं पोर कडेवर घेतल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकली, त्यानं इथे वेगळी भूमिका घ्यायला हवी होती असं मला वाटतं. पण म्हणून त्यांचं आधीचं आयुष्य खोटं ठरत नाही, आणि आधीचं आयुष्य मोठं म्हणून ही भूमिका बरोबर ठरत नाही. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा प्रत्येक बदल कुणी केला, केव्हा केला, का केला याची नोंद राहते. नको असलेली नोंद मागाहून गुपचूप पुसणं हे आमच्या धंद्यात फार वाईट काम समजतात, कारण मग पुढच्या माणसाला काय बिघडलं ते कधीच कळत नाही. इतिहासाचंही तसंच असावं.

आणि नोंदीचं महत्त्व मला कुणी शिकवलं असेल तर ते याच अनंतरावांनी. १९८० च्या दशकात, वय सत्तरीकडे झुकलेलं असताना, त्यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. स्वामीजींनी आपल्या आठवणी आधी इंग्रजीत लिहिल्या होत्या, पण मराठवाड्याच्या गावागावांतल्या लढ्याची मराठीतून एवढी मोठी मांडणी करणारा ग्रंथ आपल्याला यांच्याकडून मिळाला. ज्या माणसानं लढा स्वतः अनुभवला होता, त्यानं त्यात स्वतःचा पुतळा उभारला नाही. इतरांची नावं लिहिली. ‘मांदियाळी’तही तेच. दुसऱ्यांवर जीव लावून लिहिलेली व्यक्तिचित्रं. मी उदार माणूस कुणाला म्हणते तर अशा माणसाला. पैसे देणं सोपं असतं असं नाही, पण आपल्या वाट्याचं श्रेय दुसऱ्याच्या ताटात वाढणं त्याहून अवघड असतं. वारकऱ्याला ते जमतं, कारण दिंडीत भेटल्यावर दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावतात. मोठा कोण, धाकटा कोण हे तिथे पाहिलं जात नाही. अनंतरावांची भक्ती मला त्यांच्या या लिहिण्यात दिसते.

२६ ऑक्टोबर १९९१ ला ते गेले. आपण सहावीत होतो. ‘मराठवाडा’ दैनिकही नंतर बंद पडलं. त्यांच्या नावानं शहरात प्रतिष्ठान आहे, दर वर्षी पुरस्कार दिला जातो. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाजवळ दर १७ सप्टेंबरला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झेंडावंदन होतं. तिथे खुर्च्यांवर बसणारी माणसं मात्र दर वर्षी कमी होत गेली आणि आता जवळजवळ संपली.

केंद्र सरकारनं १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. आमच्या गल्लीतल्या आजोबांना ते मिळत असे आणि त्यातला मोठा भाग ओसरीवरच्या मुलांच्या फीमध्ये जाई, हे त्यांच्या सुनेनं त्यांच्या तेराव्याला सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नव्हते. ओसरीवर राहून शिकलेला एक जण आज मोठा डॉक्टर आहे. त्या दिवशी पंगतीत वाढायला तोच पुढे होता. आजोबांचं नाव अनंतरावांच्या ग्रंथात आहे की नाही, हे मी मुद्दाम शोधलं. नाही. एवढ्या मोठ्या लढ्यात सगळ्यांची नावं एका माणसाला कशी पुरी करता येतील? त्यांनी त्यांच्या वाट्याचं केलं.

म्हणून स्मरणिकेच्या निमित्तानं एक सुचवते. आपल्या बॅचमध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या घरी १९४८ ची एक तरी गोष्ट आहे. कुणाच्या आजीनं दागिने आडात टाकले. कुणाचे पणजोबा कॅम्पवर होते. कुणाचं कुटुंब पोलीस ॲक्शननंतर गाव सोडून शहरात आलं आणि परत गेलंच नाही. कुणाचे काका नामांतरासाठी लाँग मार्चमध्ये चालले, आणि कुणाचे त्याच्या विरोधात. ज्यांनी हे ऐकलं आहे ते आपले आई-वडील आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. आपल्या खिशात ध्वनिमुद्रण करणारं यंत्र आहे. या दिवाळीत तासभर बसून त्यांना बोलतं करा, गाव आणि साल विचारा, नावं नीट लिहून घ्या. मजकूर एकत्र ठेवायची, नीट लावायची आणि शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत द्यायची जबाबदारी मी घेते. ते काम मला येतं. मजकूर जसा येईल तसाच राहील, कुणाचीही बाजू गाळली जाणार नाही.